धाकटा पाडतो, ताई रडते : एका घरातल्या संध्याकाळचं प्रकरण

घरात तीन मुलं. दादा नऊ वर्षांचा, ताई साडेपाच वर्षांची आणि धाकटा वीस महिन्यांचा. नावं गाळली आहेत. घरात ज्या नात्याने एकमेकांना हाका मारतात, त्याच नात्याने इथे लिहिते. मी लहान मुलांच्या खेळाबद्दल पालकांबरोबर काम करते. आईने तक्रार थोडक्यात सांगितली होती : "धाकट्याला काहीही द्या, दोन मिनिटांत टाकून पळतो. ताईला तर काही करूच देत नाही. तिने मांडलं की हा मोडतो. अख्खी संध्याकाळ भांडणं सोडवण्यात जाते." तिघं एकत्र गुंतून राहतील अशा खेळांची यादी त्यांना हवी होती.

यादी मी दिली नाही. वीस महिन्यांचं मूल आणि नऊ वर्षांचा मुलगा एकाच खेळात एकाच पद्धतीने रमतील, ही अपेक्षाच दोघांवर अन्याय करणारी आहे. शिवाय धाकटा रिकामा नव्हताच. तो दिवसभर काहीतरी करत होता, आणि तेच घरच्यांना नको होतं. म्हणून आधी तो नेमकं काय करतो, हे नीट पाहायचं ठरलं.

संध्याकाळ साधारण अशी जायची. दुपारची झोप झाल्यामुळे धाकटा ताजातवाना. दादा आणि ताई शाळेतून येऊन दमलेले. आई-बाबा कामावरून परतले की एक जण थेट स्वयंपाकघरात, दुसरा फोनवर राहिलेलं काम उरकत. आजी दिवसभर त्याच्यामागे धावून थकलेली. घरातल्या सगळ्यांचा जोर ज्या वेळी संपलेला असायचा, नेमका त्याच वेळी याच्या अंगात तो मावत नसायचा.

मी कोपऱ्यात वही घेऊन बसले होते. धाकटा सोफ्याच्या हातावर चढला. हातात डब्याचं झाकण होतं, ते त्याने खाली सोडलं. झाकण गरगर फिरत स्थिर होईपर्यंत तो वाकून बघत राहिला. मग उतरला, झाकण उचललं, पुन्हा चढला, पुन्हा सोडलं. थोड्या वेळाने झाकणाऐवजी मोजा. मोज्याचा आवाज झाला नाही, तेव्हा त्याने खाली बघितलं, मग स्वतःच्या रिकाम्या हाताकडे बघितलं आणि दुसरा मोजा आणायला गेला. आजी म्हणाली, "बघा, असा नुसता फेकाफेकी करत असतो." एवढ्यात त्याला ताईचा ठोकळ्यांचा मनोरा दिसला. तो चालत गेला आणि सगळ्यात वरचा ठोकळा त्याने हाताने ढकलला. मनोरा कोसळला, ताई किंचाळली, आणि धाकट्याने ठोकळ्यांकडे पाहावं तसंच टक लावून तिच्या तोंडाकडे पाहिलं.

माझ्या दृष्टीने झाकण, मोजा आणि मनोरा ही एकच कृती होती. वर असलेली वस्तू खाली कशी येते, कुठे थांबते, आवाज करते का, हे तो तपासत होता. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी आपल्या स्वतःच्या मुलांच्या निरीक्षणातून हे फार बारकाईने टिपून ठेवलं आहे : मूल तीच कृती पुन्हा करतं, पण दर वेळी मुद्दाम थोडा फरक करून. उंची बदलतं, वस्तू बदलतं, हात बदलतं. पुढे १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये बालशिक्षणाच्या अभ्यासक ख्रिस अथी यांनी लहान मुलांच्या अशा आवर्तनांचे प्रकार नोंदवले. वस्तू वर-खाली किंवा आडव्या रेषेत जाताना पाहणं हा एक प्रकार, इकडून तिकडे वाहून नेणं हा दुसरा, गुंडाळणं-झाकणं हा तिसरा, गोल फिरवणं हा आणखी एक. एखादं मूल काही आठवडे, काही महिने एका प्रकाराने झपाटलेलं असतं. आपल्या धाकट्याचे पहिले दोन जोरात चालू होते. आईने मग स्वतःच सांगितलं की चपला बाथरूममध्ये आणि पाण्याचे पेले कपाटात सापडतात.

हे समजलं की मुलाकडे बघण्याची नजर बदलते, आणि पुढचं निम्मं काम तिथेच होतं. 'हा मोडतो' असं म्हटलं की उपाय एकच उरतो, अडवणं. 'हा पडणारी वस्तू बघतो' असं म्हटलं की त्याला पाडायला काय आणि कुठे द्यायचं, याचा विचार सुरू होतो.

तरीही मी सुरुवात धाकट्यापासून केली नाही. कारण माझ्या वहीत सगळ्यात जास्त काळजीच्या नोंदी ताईच्या होत्या. ती भिंतीकडे तोंड करून, खोलीकडे पाठ करून बसायची. दोन्ही हातांचं कुंपण करून त्याच्या आत ठोकळे रचायची. मांडलेला डाव अर्ध्यावर स्वतःच मोडून टाकायची, "नाहीतरी तो मोडणारच आहे" असं म्हणत. आणि संधी मिळाली की धाकट्याच्या दंडाला चिमटा. घरातले तिला सारखं सांगत, "तू मोठी आहेस ना, समजून घे." साडेपाच वर्षांचं मूल मोठं नसतं; वीस महिन्यांच्या बाळाशेजारी उभं केल्यामुळे ते मोठं दिसतं. या वाक्याने तिला एवढंच कळतं की तिने मांडलेल्या गोष्टीला या घरात किंमत नाही. ज्या मुलाला आपलं काम सुरक्षित नाही असं वाटतं, ते धाकट्याला खेळात घेणार कशाला?

म्हणून पहिला बदल ताईसाठी झाला. घरात बाळाला ठेवायचं चौकोनी कुंपण होतं. धाकटा त्यात टिकत नसल्यामुळे ते घडी करून ठेवलेलं होतं. ते उलगडून त्यात ताईला बसवलं, तिचे छोटे ठोकळे, मणी आणि कात्री घेऊन. धाकटा बाहेर मोकळा. आजीला हे चमत्कारिक वाटलं, ताईला मात्र पहिल्याच दिवशी पटलं. काही दिवसांनी बाबांनी जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा कायमचा तिच्या नावावर करून दिला. तिथलं अर्धवट काम जेवणाच्या वेळीही हलवायचं नाही, असा नियम ठरला आणि मोठ्यांनी तो पाळला.

ताईला अशी उंच जागा देण्याचं दुसरं कारण सुरक्षिततेचं आहे, आणि त्यात तडजोड नको. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची तपासणी करताना सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाचं एक छोटं नळकांडं वापरतात. त्यात पूर्ण बसणारी वस्तू घशात अडकण्याइतकी लहान समजली जाते. घरी टिश्यू रोलच्या आतली पुठ्ठ्याची नळी वापरली तरी चालते. ती जरा मोठी असते, म्हणजे कसोटी आणखी कडक. ताईचे मणी आणि दादाचे खेळण्यांचे सुटे भाग या नळीतून सहज जात होते. ते सगळं झाकणाच्या डब्यात, उंचावर गेलं. बटणासारखे चपटे सेल आणि ताकदवान छोटे लोहचुंबक मात्र नुसते उंचावर ठेवून भागत नाही. ज्या खेळण्यात ते आहेत त्याचं झाकण स्क्रूने बंद नसेल, तर ते खेळणं घरात नकोच. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर इजा करू शकतो. धाकटा चढणारा आहे म्हटल्यावर पुस्तकांचं कपाटही बाबांनी भिंतीला पट्टीने पक्कं केलं.

मग मनोऱ्याची वेळ आली. ताईला विचारलं, "एक मनोरा राखायचा आणि एक पाडायचा, असं चालेल का?" ती तयार झाली, पण पहिल्यांदा हे जमलं नाही. दोन्ही मनोरे त्याच ठोकळ्यांचे होते, आणि कोणता आपला हे धाकट्याने ओळखायचं कसं? त्याने दोन्ही पाडले. दुसऱ्या वेळी पाडायचा मनोरा रिकाम्या खोक्यांचा केला, त्याच्या डोक्याएवढा उंच, आणि राखायचा टेबलावर. आता फरक त्याला डोळ्यांनी दिसत होता.

खोक्यांच्या मनोऱ्याची सूत्रं ताईकडे दिली. ती रचायची, मग हात वर करून म्हणायची, "तयाsss र..." आणि थांबायची. "पाड!" म्हटलं की तो धावत येऊन धडक मारायचा. सुरुवातीला 'तयार'मधला 'त' ऐकला की तो सुटायचा. ताई रागावण्याऐवजी हसली, कारण पडणारी गोष्ट तिला प्रिय नव्हती. हळूहळू तो जागेवर पाय आपटत, मुठी आवळून, डोळे तिच्या तोंडावर लावून उभा राहायला लागला. त्या आवळलेल्या मुठी मला फार मोलाच्या वाटतात. धाव घ्यायची इच्छा असताना थांबणं हे या वयात अतिशय अवघड असतं, आणि ते तो ताईसाठी करत होता. एरवी दिवसातून कितीतरी वेळा मोठी माणसं त्याला 'थांब' म्हणत, त्याचा काही उपयोग होत नसे.

दादाला आतापर्यंत पहारेकरी नेमलं होतं : "जरा त्याच्याकडे बघ." ते काम त्याच्याकडून काढून घेतलं. त्याऐवजी त्याला एक अडचण सांगितली : सोफ्यावरून सोडलेला चेंडू दरवाज्यापर्यंत गेला पाहिजे, तर काय करावं लागेल? त्याने मोठ्या खोक्याचा पुठ्ठा कापून, मधोमध दुमडून पन्हळ केली. चिकटपट्टीने सोफ्याच्या पाठीला एक टोक, खुर्चीला दुसरं. टेनिसचा चेंडू घशात अडकण्याइतका लहान नसतो, म्हणून तोच ठरला. चेंडू पहिल्याच वळणावर बाहेर उडाला. दादाने वळणाच्या बाहेरच्या बाजूला पुठ्ठ्याची भिंत लावली. उतार फार झाला की उडतो आणि कमी झाला की अडकतो, हे त्याचं त्यालाच सापडलं. ताईने खाली टोपली ठेवून 'आत जाणार की बाहेर' असा अंदाज लावायचा खेळ काढला. धाकटा वरून चेंडू सोडायचा, पन्हळीच्या कडेकडेने धावत चेंडूबरोबर खाली यायचा, उचलायचा आणि परत वर न्यायचा.

हे दृश्य पाहून आई म्हणाली, "म्हणजे शेवटी तिघं एकच खेळ खेळताहेत." मला ते वेगळं दिसत होतं. साहित्य एक होतं, खेळ तीन होते. दादाचा खेळ बांधकामाचा, ताईचा अंदाजाचा, धाकट्याचा वर-खाली आणि ने-आण करण्याचा. अमेरिकन संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये लहान मुलांच्या एकत्र खेळण्याच्या पायऱ्या मांडल्या : एकट्याने खेळणं, दुसऱ्याचा खेळ बघत राहणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, देवाणघेवाण करत खेळणं आणि मग खरं मिळून खेळणं. दोन वर्षांच्या आतबाहेरचं मूल बहुतेक वेळ शेजारी बसून आपापलं खेळण्याच्या पायरीवर असतं. त्याच्याकडून नियम, पाळी, हार-जीत मागितली की खेळ बिनसतो. असं साहित्य निवडलं की ज्यात प्रत्येकाला आपल्या वयाचं काम सापडतं, तर कुणालाच कुणासाठी खाली वाकावं लागत नाही. खोकी, चादरी, उशा, डबे, दोरीऐवजी कापडाच्या पट्ट्या यांची किंमत म्हणूनच मोठी. ब्रिटिश शिल्पकार सायमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये सुट्या साहित्याचा हा विचार मांडला होता : ज्या वस्तू हलवता, जोडता, बदलता येतात त्यांच्यातच मुलांची कल्पकता खुलते.

घरात खेळणी कमी नव्हती. दोन मोठ्या टोपल्या भरलेल्या होत्या. धाकटा टोपली उपडी करायचा आणि ढिगातून चालत निघून जायचा. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात ३६ लहानग्यांवर एक अभ्यास झाला होता, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला. प्रत्येक मूल एकदा चार खेळण्यांबरोबर खेळलं आणि एकदा सोळा खेळण्यांबरोबर. चारच खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ खेळली, आणि जास्त वेगवेगळ्या तऱ्हांनी. आजीला हे पटेना. "उचलून ठेवलं तर तो रडून घर डोक्यावर घेईल," असं तिचं म्हणणं. आई म्हणाली, "आई, तुम्ही निवडा काय बाहेर ठेवायचं ते. दिवसभर तुम्हीच त्याच्याबरोबर असता." आजीने निवडलं : झाकणांचे तीन डबे, मूठ असलेली कापडी पिशवी, एक चेंडू, ढकलायची गाडी. बाकीचं माळ्यावर गेलं. निवड आजीची असल्यामुळे ती व्यवस्था टिकली. डबे उघडणं-लावणं हा त्याचा दिवसातला सगळ्यात शांत उद्योग ठरला.

बाबांना सगळ्यात जड गेलं ते गप्प बसणं. धाकटा डब्याला चुकीचं झाकण लावायला गेला की ते लगेच, "हे बघ, असं नाही, हे मोठं झाकण घे." तो झाकण टाकून उठायचा. एका संध्याकाळी मी त्यांना फक्त बघायला सांगितलं. धाकट्याने लहान झाकण मोठ्या डब्यावर ठेवलं, ते आत पडलं. त्याने डबा हलवून आवाज ऐकला, झाकण काढलं, पुन्हा टाकलं. झाकण लावणं त्याच्या मनातही नव्हतं. त्याला वाजवायचा डबा सापडला होता. बाबा माझ्याकडे बघून हसले आणि त्यानंतर बऱ्याच वेळा त्यांनी तोंडावर हात ठेवलेला मी पाहिला. बालशिक्षणतज्ज्ञ एलिनॉर गोल्डश्मिड यांनी एक-दोन वर्षांच्या मुलांसाठी घरगुती वस्तूंच्या खेळाची जी पद्धत रुजवली, तिच्यात मोठ्या माणसाचं काम हेच आहे : जवळ, शांत बसून राहणं.

अंगातला जोर मात्र डब्यांनी भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करायला हवी, आणि त्यांना सलग तासाभरापेक्षा जास्त वेळ खुर्चीत किंवा गाडीत जखडून ठेवू नये. संध्याकाळचा क्रम म्हणून उलटा केला. घरी आल्यावर आई किंवा बाबा, जे आधी येतील ते, फोन बाजूला ठेवून आधी जमिनीवर बसायचे. मग अंगमेहनत : जमलं तर बाहेर, नाही तर उशांचा डोंगर चढणं, टेबलाखालून रांगणं, कपड्यांच्या टोपलीत जाड पुस्तकं भरून ती खोलीभर ढकलणं. जड वस्तू ढकलण्या-ओढण्याने हा मुलगा निवायचा, हे घरातल्या प्रत्येकाच्या लक्षात आलं. स्वयंपाक त्यानंतर. तेव्हा तो पायाशी बसून पिशवीतून डबे इकडून तिकडे न्यायचा.

पाण्याचा खेळ ठेवला तो मोठं माणूस हाताच्या अंतरावर रिकामं बसलं असेल तेव्हाच. पसरट ताटलीत बोटभर पाणी, खाली जाड पंचा, आणि खेळ संपला की पाणी लगेच ओतून टाकायचं. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं, आणि बुडताना आवाज होत नाही. भरलेली बादली घरात उघडी ठेवणं त्या दिवसापासून बंद झालं.

मोबाइलला मी सुरुवातीला हात लावला नाही. स्वयंपाकाच्या वेळी तो धाकट्याच्या हातात असायचा आणि काढून घेतला की आकांत. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनांमध्ये दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन अजिबात न द्यायला सांगितलं आहे. आईला ते माहीत होतं आणि अपराधी वाटत होतं. पण दमलेल्या माणसाचा एकमेव आधार आधीच काढून घेतला तर बाकीचं काहीच उभं राहत नाही. संध्याकाळचा नवा क्रम बसल्यावर स्वयंपाकाच्या वेळची मोबाइलची गरज कमी होत गेली आणि मग तो बंद झाला. दोन-तीन संध्याकाळी रडारड झाली, आजीने ती निभावली.

ताई आणि धाकट्यामधलं नातं हा खेळापेक्षा हळू बदलणारा भाग होता. जुडी डन आणि कॅरल केंड्रिक या संशोधकांनी १९८० च्या सुमारास ब्रिटनमध्ये भावंडांचा अभ्यास केला होता. ज्या घरांत आई मोठ्या मुलाशी बाळाबद्दल 'त्यालाही काही वाटतं, काही हवं असतं' अशा भाषेत बोलत असे, तिथे पुढे भावंडांमध्ये जास्त जिव्हाळा दिसला. या घरात बाबा ताईला विचारू लागले, "तो असं का करत असेल? तुला काय वाटतं?" ती पहिल्यांदा म्हणाली, "कारण तो वाईट आहे." बाबांनी तिला दुरुस्त केलं नाही, फक्त "हं" म्हणाले. काही आठवड्यांनी पाहुण्यांसमोर धाकट्याने पेला ढकलला, तेव्हा ताईच सांगत होती, "त्याला पडताना बघायचंय. त्याला चेंडू द्या ना."

सगळं सुरळीत झालं असं नाही. जेवणाच्या टेबलाशी धाकटा अजून बसत नाही. तो आजारी पडला त्या दिवसांत सगळा क्रम कोलमडला आणि पुन्हा बसायला वेळ लागला. ताईचे चिमटे कमी झाले आहेत, थांबलेले नाहीत. आईला तिच्याबरोबर एकटीला वेळ मिळत नाही त्या आठवड्यात ते वाढतात, हे आईनेच हेरलं. रात्री धाकटा झोपल्यावर ताईच्या कोपऱ्याशी बसायचा तो थोडा वेळ आता इतर कामांसाठी मोडायचा नाही, असं त्यांनी ठरवलं आहे.

धाकटा आता दोन वर्षांचा झाला आहे आणि पाडण्याचं वेड ओसरतं आहे. तो खोक्यात शिरून बसतो, बाहुलीला पंच्यात गुंडाळतो, दादाच्या वह्या उशीच्या अभ्र्यात भरतो. पन्हळ माळ्यावर गेली, चादरी आणि मोठी खोकी खाली आली. वह्या अभ्र्यात जाऊ लागल्यामुळे आता दादाची तक्रार सुरू झाली आहे. त्यालाही ताईसारखी एक उंच, न हलणारी जागा करून द्यायची आहे, आणि ती कुठे करायची यावर घरात चर्चा चालू आहे.